बोचक्याची बारा रिळं

माझा नातू टीव्हीसमोर बसला की घरात प्राण्यांचा बाजार भरतो. उंदीर बोलतो, कुत्रा बोलतो, बेडूकसुद्धा बोलतो, आणि सगळे एकमेकांच्या अंगावर धावून जात बोलतात. परवा मी वैतागून म्हटलं, "अरे, हळू बोलणारे प्राणी पाहिलेत मी. तोंड उघडण्याआधी जरा विचार करायचे." त्यानं मान न वळवता विचारलं, "कुठल्या चॅनेलवर?" आता काय सांगणार कपाळ. सत्तरच्या दशकातलं सोलापूर ते, गावात टीव्ही यायला अजून बरीच वर्षं होती. माझे प्राणी यायचे ते पत्र्याच्या डब्यांतून.

त्या कार्टून मालिकेचं नाव मला आजही माहीत नाही. कुणी काढली, कुठं काढली, काही पत्ता नाही. सिनेमातलं कळतं म्हणणारे जे जे भेटले त्या सगळ्यांना माझं विचारून झालं. तेही नुसती मान हलवतात. म्हणून शेवटी स्वतःच लिहायला बसले. कुणीतरी त्या मालिकेचं कौतुक करायला हवं, आणि मी तिच्यावर जो अन्याय केला तोही सांगून टाकायला हवा.

मी तेव्हा चौथीच्या वर्गावर होते. करमाळ्याकडची मी, लग्न करून सोलापुरात आले आणि मागांच्या वस्तीतल्या एका प्राथमिक शाळेत लागले. शाळेच्या दोन्ही अंगांना विणकरांची घरं. सकाळी प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच मागांची खटखट सुरू झालेली असायची. वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलायची, काही दखनी, काही कानडी, आणि माझ्याशी सगळी आपली मराठी. माझा स्वभाव तसा तापट. पण पोरं घाबरायची नाहीत, कारण माझा राग घंटा होईपर्यंतच टिकतो हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

शाळेला कुठल्याशा योजनेत एक प्रोजेक्टर मिळाला होता, आणि त्याच्यासोबत रिळांचे बारा डबे. हेडसरांनी एक रीळ लावून पाहिलं. भाषा परदेशी, एक शब्द कळेना. त्यांनी रजिस्टरवर 'शैक्षणिक उपयोग नाही' असा शेरा मारला आणि सगळं कपाटात कोंबलं. मी नकाशे शोधायला गेले तेव्हा मला ते डबे दिसले. आठवडाभर हेडसरांच्या मागं लागले. शेवटी ते म्हणाले, "बाई, दिवा उडाला तर दुसरा मिळायचा नाही. शनिवारी एक रीळ, तेही एकदाच. तालमी करत बसू नका." त्यामुळं झालं काय, की पुढं काय येणार हे मुलांइतकंच मलाही माहीत नसायचं. पडद्यावर प्राणी ओठ हलवायचे आणि मी तिथल्या तिथं त्यांच्या तोंडी मराठी घालायची.

शनिवारी आमची सकाळची शाळा. सोलापूरचं ऊन आठ वाजताच डोळ्यांत शिरतं, मग अंधार कुठून आणायचा? हॉलला सात खिडक्या आणि पडदा एकाही खिडकीला नाही. यावर आमच्या शिपाईमामांनी तोड काढली. मामा मंद्रूपचे, आधी बरीच वर्षं गिरणीत होते, मग शाळेत लागले. ते म्हणाले, "बाई, हितं घराघरात चादरी हायत. सात पोरांना आणायला सांगा की." झालं, दर शनिवारी सात मुलं घरून चादर घेऊन यायची. जाड सोलापुरी चादर, तिच्यातून उजेडाची काय बिशाद. रात्री पांघरलेली चादर पोरं उठल्या उठल्या तशीच उचलून आणायची, तिला अजून रात्रीची ऊब असायची. मामा स्टुलावर चढून चादरी खिडकीवरच्या खिळ्यांना अडकवायचे. खेळ संपला की काढायचे, एकात एक घालून मोठं गाठोडं बांधायचे, पाठीवर टाकून अंगणात न्यायचे आणि ज्याची त्याला देऊन टाकायचे.

आता मालिकेबद्दल. जंगल, आणि त्यात बर्फ. आमच्या पोरांनी बर्फ पाहिला होता तो गोळ्यावाल्याकडचा, त्यामुळं पहिल्या दिवशी सगळ्यांनी ठरवून टाकलं की गिरणीतला कापूस उडतोय. त्या बर्फात एक कोंबडी, एक बदक, एक ससा, चष्मा लावणारा म्हातारा बोकड आणि एक पाणमांजर. गोष्ट म्हणाल तर एवढीशीच. कोंबडीला पाहुणे येणार आहेत, बोकडाला झोप लागत नाही, असलं काहीतरी. कुणी कुणाला मारत नाही, कुणी कड्यावरून पडत नाही. कोंबडी काहीतरी बोलते, बोकड चष्मा पुसतो, आणि तो पुसून होईपर्यंत कॅमेरा थांबून राहतो. मग तो उत्तर देतो. सगळे मिळून कपातून काहीतरी पितात, तो चहाच आहे यावर आमचं एकमत होतं. पावलांचे ठसे तर असे, की एकेक ठसा बर्फात उमटताना दिसायचा, आधी टाच, मग बोटं. ज्या कुणी ते काढले असतील त्याला घाई नव्हती. मला स्वतःला सगळ्याच कामांची घाई, म्हणून असेल, पण त्या दहा मिनिटांत माझा जीव शांत व्हायचा.

आणि आणखी एक प्राणी होता. तोंडावर पांढरे-काळे पट्टे, बुटका, जाडसर, वाकून चालणारा. हे जनावर कुठलं ते सोलापुरात कुणाला सांगता येईना. कुणी म्हणे अस्वल, कुणी म्हणे मुंगूस, एकजण म्हणाला त्याच्या मामाच्या मैंदर्गीच्या शेतात असलं डुक्कर येतं. त्याच्या पाठीवर कायम एक बोचकं असायचं. प्रत्येक रिळाच्या शेवटी तो यायचा, कुणाची तरी एक वस्तू उचलायचा, दोन शब्द पुटपुटायचा, वस्तू बोचक्यात घालायचा आणि बर्फातून निघून जायचा. मुलांनी त्याचं नाव बोचक्या ठेवलं.

आणि मी त्याला चोर केलं. गोष्टीत चोर नसेल तर मुलं गप्प बसत नाहीत, हे माझं तेव्हाचं ठाम मत. पहिल्याच रिळात त्यानं कोंबडीची टोपली उचलली आणि मी गरजले, "आला बघा चोर. लपवा टोपली, लपवा." हॉल दणाणला. मग काय, दर शनिवारी मी त्याच्या तोंडी एकाहून एक लबाड वाक्यं घालायची. पोरं त्याला बघितलं की जमिनीवर हात आपटायची. मला फार मजा यायची, खोटं कशाला बोलू.

चौथ्या की पाचव्या शनिवारी पुढच्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली. विणकराची पोर. शाळेतून घरी गेली की मागासाठी कांड्या भरायला बसायची, तिच्या बोटांना कायम रंग लागलेला असायचा. ती म्हणाली, "बाई, ते चोरत न्हाय. ते फाटकं तेवढंच नेतंय की."

मी म्हटलं, "खाली बस. मधे बोलायचं नाही."

ती बसली. मामा मागं भिंतीला टेकून उभे होते. मी पुढचं वाक्य घेतलं.

पोरांना जे चिकटवायचं ते चिकटवायला वेळ लागत नाही. खेळ संपल्यावर मामा चादरींचं गाठोडं पाठीवर टाकून वाकून निघाले, की मागून हाका सुरू, "बोचक्या आला, बोचक्या आला." मामा हसायचे. मीही हसले, एकदा नाही, पुष्कळदा. मोठ्या माणसाला असं म्हणू नये, एवढं सांगायला मला काय झालं होतं?

अकराव्या शनिवारी त्या मुलीनं घरातली नेहमीची चादर आणली नाही. तिसरीच्या वर्गानं आमच्या चादरी विटक्या म्हणून चिडवलं होतं, ते तिच्या मनाला लागलेलं. तिनं कोरी करकरीत चादर आणली, मागावरून नुकतीच उतरलेली, व्यापाऱ्याकडं जायची, निळ्यावर पांढरी कमळं. घरी विचारलं नव्हतं. मामांनी ती तिसऱ्या खिडकीला लावली. रीळ सुरू झालं आणि बोकडाच्या दाढीवर उजेडाची एक रेघ पडली. मी अंधारातच ओरडले, "मामा, ती चादर घसरलीय, बघा जरा." मामा स्टुलावर चढले. रेघ गेली. पुढची दहा मिनिटं ते तिथंच, चादरीवर तळहात दाबून उभे राहिले. मला वाटलं, वरून बरं दिसत असेल.

त्या दिवशी सहा चादरी परत गेल्या.

मुलीला वाटलं मैत्रिणीनं घेतली असेल, मैत्रिणीला वाटलं तिनंच नेली. सोमवारी ती मामांकडं गेली. मामा म्हणाले, "हाय माझ्याकडं. शनिवारी देतो." बस, एवढंच. का ठेवली, कशाला ठेवली, एक अक्षर नाही. मंगळवारपर्यंत सगळ्या शाळेत झालं, बोचक्यानं चादर नेली. बुधवारी मुलीचे वडील आले. सडपातळ माणूस, खांद्यावर पंचा, आवाज चढवला नाही. मला म्हणाले, "बाई, माल आमचा न्हाय, व्यापाऱ्याचा हाय. सूत त्येचं, आमची नुसती मजुरी." मुलगी त्यांच्या मागं उभी, खाली बघत. तिला घरी काय भोगावं लागेल ते मला तिच्या मानेवरूनच कळलं.

हेडसरांनी मामांना बोलावलं. मामांचं तेच, शनिवारी देतो. हेडसरांचा पारा चढला. म्हणाले, "शनिवारी चादर नाही आली तर मी वर लिहिणार. मग नोकरीचं तुमचं तुम्ही बघा." मामांच्या निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली होती. हेडसरांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, तुम्ही काय म्हणता? तुमच्याच कार्यक्रमात हे झालं."

मी काय म्हणायला हवं होतं? तीन वर्षं मी त्या माणसाबरोबर काम केलं होतं. माझी पर्स एकदा वर्गात राहिली होती, ती घेऊन ते आमच्या घरापर्यंत चालत आले होते. आणि मी म्हटलं, "मला काय माहीत, सर." वर आणखी गुरुवारी मी मामांना व्हरांड्यात गाठून म्हटलं, "मामा, द्या की ती चादर आता. शोभतं का हे तुम्हाला?"

मामा घंटेचा दांडा पुसत होते. म्हणाले, "शनिवारी, बाई."

शनिवारी हॉल खचाखच भरला. मुलीचे वडील चादर घ्यायला आले होते, ते मागं दाराशी उभे राहिले. हेडसर खुर्ची टाकून बसले. मामांनी आधीच येऊन खिडक्या झाकून ठेवल्या होत्या. मी बारावं रीळ लावलं. सवयीनं सुरुवात केली, "आता सगळे प्राणी काठ्या घेऊन निघालेत. बोचक्याला पकडायला." आणि खरंच तसंच होतं. कोंबडी, बदक, ससा, सगळे रांगेनं बर्फातून चाललेले, त्या ठशांच्या मागोमाग. मी म्हटलं, "आज याला सोडायचा नाही." मुलांनी जमिनीवर हात आपटले.

ठसे एका झाडाच्या बुंध्याशी जाऊन संपले. छोटं दार होतं. सशानं ते ढकललं.

आत बोचक्या पाय पसरून बसला होता, नाकावर बोकडासारखाच चष्मा, हातात सुई. मागं फळीवर कोंबडीची टोपली होती, नव्यानं विणलेली. पाणमांजराचं जाळं होतं, भोकं बुजवलेलं. बदकाची छत्री, सशाची रजई, अकरा शनिवारांतलं सगळं. त्यानं मान वर केली, दारातल्या काठ्या बघितल्या, काहीतरी दोन शब्द बोलला, दर वेळी बोलायचा तेच, आणि टोपली उचलून कोंबडीपुढं धरली.

माझं मराठी तिथंच थांबलं. नुसती प्रोजेक्टरची घरघर आणि त्या परक्या भाषेतला तो बारीक आवाज. इतक्या आठवड्यांत मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता, माझाच एवढा मोठा होता. ऐकला असता तर भाषा न कळूनही कळलं असतं, की चोर असं बोलत नाही. पुढच्या रांगेतली मुलगी वळली आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "बाई, बोला की." माझी लाज तिला दिसत नव्हती, अंधार होता.

अंधार होता. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की पडद्यावर उजेडाची रेघ कुठंही नाही. मी तिसऱ्या खिडकीकडं बघितलं. तिथं निळी चादर होती, पांढऱ्या कमळांची.

रीळ संपलं. मामांनी चादर उतरवली आणि मुलीच्या वडिलांच्या हातात दिली. त्यांनी ती दारात उजेडाला धरली, उलटी केली, सुलटी केली. कुठं खोट दिसेना. मग डोळे मिटून त्यांनी कापडावरून बोटं फिरवली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, आणि एका कमळाच्या पाकळीवर थांबले. "हितं," ते म्हणाले.

"व्हय," मामा म्हणाले. "खिळ्याला फाटली. खिळा मीच ठोकलेला. गिरणीत असताना तुटके धागे सुईनं भरायचं काम करत होतो, म्हटलं जमंल. धागा तिच्याच काठाच्या दशीचा काढला. डोळे आता पयल्यासारखे न्हाईत, म्हणून आठवडा लागला."

हेडसर म्हणाले, "अहो, मग सांगायचं नाही का तसं?"

मामा म्हणाले, "सांगितलं असतं तर पोरीनं मार खाल्ला असता की. फाटलेलं दिसलंच न्हाय तर कशाला कोण मारतंय?"

मुलीच्या वडिलांनी चादरीची घडी घातली. खूप वेळ लावून, कडेला कड जुळवून. मला वाटलं, आता हा माणूस काही बोलणार. ते मुलीकडं वळले आणि घडी तिच्या हातात दिली. म्हणाले, "ही आता हितल्या खिडकीची. व्यापाऱ्याला मी दुसरी विणून देतो." आणि पंचा खांद्यावर टाकून निघून गेले. बोटांच्या कामावरून माणूस ओळखणारी माणसं ती.

मी मुलांपुढं उभी राहिले. मुलांची माफी मागायची सवय आमच्या पिढीच्या मास्तरणींना नव्हती, पण मागितली. म्हटलं, मी बोचक्याला चोर म्हटलं ते खोटं होतं. मला त्याची भाषा येत नव्हती आणि मी पुढच्या रांगेतल्या मुलीचं ऐकलं नाही. मग मामांचं नाव घेतलं आणि त्यांच्याकडं वळले. मामा गाठोडं बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "माझं र्‍हाऊ द्या बाई. पण त्या जनावराला तुमी चोर म्हणत व्हता ते मला कधीच पटलं न्हाय. बारा येळा बघितलं मी. चोर कधी इतकं हळू चालतो व्हय?"

मुलांनी गलका केला, पुन्हा पहिल्यापासून दाखवा. मी हेडसरांकडं बघितलं. दिव्याचं कारण ते सांगणार, अशी माझी खात्री होती. ते खुर्चीवरून उठले, खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि म्हणाले, "दिव्याचं बघू."

पुढच्या शनिवारी पहिलं रीळ पुन्हा लावलं. तिसऱ्या खिडकीला निळी चादर. कोंबडी झाली, बोकड झाला, सगळ्यांचं मी बोलले. शेवटी बर्फात ते ठसे उमटायला लागले, आधी टाच, मग बोटं, आणि बोचक्या टोपलीपाशी येऊन उभा राहिला. मी तोंड मिटून घेतलं आणि मागं वळून म्हटलं, "मामा, याचं तुम्ही बोला."

मामांना ते अपेक्षित नव्हतं. भिंतीपाशी जरा चुळबुळ झाली, एकदा खोकले. सबंध हॉल मागं वळून अंधारात बघत होता. मग त्यांचा आवाज आला, शांत, घाई नसलेला, पडद्यावरच्या ओठांशी बरोब्बर जुळणारा.

"फाटलीया व्हय टोपली? द्या हिकडं. शनिवारी देतो."